अवधान आणि अप्रस्तुत

तौलनिक साहित्याचा अभ्यास हा एका अर्थी विचलित होण्याचाच रीतसर व्यवसाय आहे. एक संहिता वाचताना दुसरी आठवली पाहिजे, तिच्यावरून तिसरी. ज्याला ओवीपाशी केवळ ओवीच दिसते, त्याने या विषयाच्या वाटेस जाऊ नये. वीस वर्षे मनाला ही सवय लावल्यावर रात्री अकराच्या ठोक्याला ते ती सोडून देईल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? चर्चासत्रात दुपारी कोणी घेतलेल्या आक्षेपाला माझे मन रात्री चार उत्तरे रचीत असे, मग त्या उत्तरांवर आक्षेप, मग त्यांचे खंडन. याला चिंतन म्हणवत नाही. चिंतन कोठेतरी पोहोचते; घाण्याचा बैल कितीही चालला तरी घाण्याभोवतीच असतो.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून हैदराबादेस आले, तेव्हा निद्रानाश सोबत होताच. निवासाजवळ सकाळी एक योगवर्ग भरत असे. तेथे जाण्यास मी बरेच दिवस टाळाटाळ केली, आणि त्याचे कारण आळस नव्हे, भय होते. विचाराला विचार सुचणे हेच ज्याचे भांडवल, त्याने मन शांत करून घेतल्यावर उरायचे काय? झोप मिळेल, परंतु सुचणे थांबेल, हा सौदा मला परवडणारा नव्हता.

तेथील शिक्षक निवृत्त गृहस्थ होते. तत्त्वज्ञान जवळजवळ सांगतच नसत. आसने झाल्यावर ताठ बसावयाचे आणि सुटणारा प्रत्येक श्वास मोजावयाचा, सत्तावीसपासून उतरत एकापर्यंत. गणती चुकली की पुन्हा सत्तावीस. पहिल्या महिन्यात मी एकापर्यंत एकदाही पोहोचले नाही. बहुधा एकोणीसपाशी अडत असे. मराठीचा 'एकोणीस' आणि हिंदीचा 'उन्नीस' हे दोघेही विसातून एक वजा करतात. तेलुगूचा 'पंतोम्मिदि' दहात नऊ मिळवितो. एकच संख्या, पण एक भाषा तिच्याकडे पुढून पाहते, दुसरी मागून! एवढे मनात येईपर्यंत श्वास केव्हाच निघून गेलेला असे. मी हे शिक्षकांना सांगितले. ते हसले आणि दखनी वळणाच्या हिंदीत म्हणाले, मॅडम, पाहुणा आला तर येऊ द्या. त्याच्याबरोबर चहाला बसू नका.

आम्हां पुस्तकी माणसांचा घोटाळा असा, की योगसूत्रांतले दुसरेच सूत्र आम्ही ध्यानात ठेवतो. त्यातला 'निरोध' हा शब्द धाक घालतो, आणि पुढचे वाचताना तो धाक डोळ्यांवर राहतो. वस्तुतः तिसऱ्या पादाच्या आरंभी पतंजली धारणेची जी व्याख्या करतात, ती फार साधी आहे: चित्त एका ठिकाणी बांधणे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील सव्विसावा श्लोक तर आणखी सौम्य आहे. मन जेथे जेथे भरकटेल, तेथून तेथून त्याला परत आणावे, असे तो सांगतो. भरकटणे तेथे गृहीतच आहे. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) मन उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोरासारखे दिसले. ते कितीही हाकलले तरी फिरून पिकावर येते. गुराख्याला त्यात नवल वाटत नाही आणि त्यापायी तो ढोर विकूनही टाकीत नाही. भरकटलेले मन परत आणणे हाच अभ्यास. ते भरकटले नाही, तर अभ्यास कशाचा?

याची खरी उकल मला योगवर्गात नव्हे, एका अष्टावधानात झाली. तेलुगू विभागातील एका स्नेह्यांनी आग्रहाने नेले होते. ही कला तेलुगूत जुनी आहे. तिरुपती वेंकट कवुलु या जोडकवींनी गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर ती गावोगाव लोकप्रिय केली. आठ पृच्छक अवधानी कवीला घेरून बसतात. एक समस्या देतो, दुसरा चार शब्द देऊन पद्य मागतो, तिसरा अक्षरामागून अक्षर निषिद्ध ठरवीत जातो. कोणी मधूनच घंटा वाजवितो आणि तिचे ठोके मनात मोजून ठेवावे लागतात. कवी एकेकाला एकेक चरण देत फेऱ्या पुऱ्या करतो. मला सर्वांत भावला तो 'अप्रस्तुत प्रसंगी'. याचे काम एकच: नेमक्या वेळी असंबद्ध बोलून कवीला फरफटत नेणे. माझ्या रात्री ज्याने खाल्ल्या, तो मला समोर, अंगवस्त्र घेऊन, हसतमुख बसलेला दिसला. अवधान्याने त्याला गप्प केले नाही. एका वाक्यात मार्मिक उत्तर दिले, सभा हसली, आणि अर्धवट सुटलेला चरण त्याने जेथे होता तेथून उचलला. शेवटी सगळी पद्ये कवी अखंड म्हणून दाखवितो. त्या भागाला नाव आहे 'धारण'. पतंजलींच्या धारणेचेच हे सख्खे भावंड.

ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी अवधान मागतात ते श्रोत्यांकडे. तेलुगूत ते कवीनेच द्यावयाचे असते. आणि आपल्या बोलीत 'मागे फार व्यवधाने आहेत' असे म्हणतो, तेव्हा मधे आलेले सारे आपण एकाच शब्दात कोंबतो. या तीन टोकांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मी टिपणे काढू लागले आहे.

टिपणांची वही आता योगवर्गाच्या पिशवीतच असते, पण ती सव्वासातनंतर उघडावयाची असा नियम केला आहे. श्वास मोजताना आलेले आणि चहावाचून परत पाठविलेले पाहुणे त्यातले काही सव्वासातलाही दारात उभे असतात. त्यांना मी आत घेते. 'एकोणीस' त्यांतलाच. रात्रीच्या खंडनमंडनातले मात्र सकाळी कोणीही उभे नसते. झोप अजून अधूनमधून हुलकावणी देते. आठवड्यातून दोनदा, क्वचित तीनदा, मी एकापर्यंत उतरते. परवा उतरले तेव्हा बाहेर दूधवाल्याची घंटा वाजत होती, आणि ठोके किती झाले तेही मला सांगता आले असते.