सर्व्हरचे बारसे

विद्यापीठातील सर्व्हर, म्हणजे प्रवेश, निकाल, ग्रंथालय, ईमेल अशा सेवा एकाच वेळी अनेकांना पुरवणारा संगणक, जाळ्यावर क्रमांकानेच ओळखला जातो. परंतु आयपी पत्ता म्हणवले जाणारे ते आकडे माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डोमेन नाम व्यवस्था नाव आणि क्रमांक यांची सांगड घालून देते, आणि नाव कोणते असावे हे मात्र यंत्र सांभाळणाऱ्यावर सोडते. १९९०च्या दशकात या कामात शिरलेल्या आणि आता निवृत्तीकडे झुकलेल्या पिढीला हा प्रश्न आयुष्यभर पुरला.

त्या पिढीने पाहिलेल्या ईमेल पत्त्यांत यंत्राचे नाव उघड दिसत असे. एर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचे ‘कोणार्क’, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे ‘विज्ञान’ आणि मद्रासच्या आयआयटीचे ‘शिव’ ही यंत्रे नावानिशी परिचित होती. देवाचे नाव दिले की यंत्र बंद पडल्यावर काय म्हणायचे, हा संकोच मात्र त्याबरोबर येतो. डॉन लिब्स यांनी ऑगस्ट १९९० मध्ये लिहिलेल्या आरएफसी ११७८ या टिपणात नामकरणाचे संकेत एकत्र केले आहेत. त्यात उल्लेखलेल्या एका यंत्राचे नाव ‘अप’ होते, आणि ‘अप डाउन आहे का’ असे विचारण्याची पाळी तेथील लोकांवर आली होती. एकाच विषयातील नावे घ्यावीत आणि ज्यांचे स्पेलिंग दोन प्रकारे होते ती टाळावीत, हेही त्याच टिपणात सांगितले आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या नाशिकमध्ये आहे, तेथे विषयासाठी दूर जावे लागू नये. नद्या घ्याव्यात तर गोदावरी, दारणा, कडवा, वालदेवी, नासर्डी. किल्ले घ्यावेत तर साल्हेर, मुल्हेर, हरिहर, रामशेज, धोडप. अडचण यानंतर सुरू होते. मूळ नियमानुसार यंत्राच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते, आणि मराठीतील ‘व’ रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, त्यामुळे कडवा आणि वालदेवी ही दोन्ही नावे लिब्स यांच्या कसोटीवर नापास होतात. साल्हेर आणि मुल्हेर नकाशावर जितके जवळ आहेत तितकेच कानालाही जवळ आहेत, आणि रात्री फोनवरून ‘साल्हेर रीस्टार्ट करा’ असे सांगितल्यावर भलतेच यंत्र बंद होण्यास तेवढे पुरेसे आहे. गोदावरी हे नाव तर प्रत्येक विभागाला स्वतःसाठी हवे असणार.

कामावरून नाव ठेवणे अधिक शहाणपणाचे वाटते, पण यंत्राचे काम बदलते आणि नाव मागे राहते. परीक्षेच्या नावाचा सर्व्हर काही वर्षांनी ग्रंथालयाची सूची सांभाळताना आढळतो. यावर खरा उपाय म्हणजे उपनाव: यंत्राचे नाव वेगळे, सेवेचे वेगळे, आणि डोमेन व्यवस्थेत दुसऱ्याने पहिल्याकडे बोट दाखवायचे. ज्या मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी राज्यभर विखुरलेले आहेत, त्याच्यासाठी ही सोय शोभेची नाही, कारण विद्यार्थ्याला माहीत असलेला पत्ता कायम ठेवून त्यामागचे यंत्र बदलता येते.

महासंगणकांना मात्र अजून नावे मिळतात, आणि एका विषयाला धरून राहण्याचा उत्तम नमुना पुण्यात आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील २०१८ चा ‘प्रत्यूष’ आणि २०२४ चा ‘अर्क’, तसेच नोएडातील त्यांचे जोडीदार ‘मिहिर’ आणि ‘अरुणिका’, हे सगळे सूर्याच्या परिवारातले आहेत. हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्या यंत्रांसाठी यापेक्षा समर्पक विषय सुचणे कठीण. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकापासून निराळी रीत धरली, ‘परम’ हे आडनावासारखे कायम ठेवून पुढे पद्म, युवा, ब्रह्म, रुद्र अशी भर घातली, आणि त्यामुळे वंशावळ वाचता येते.

साध्या सर्व्हरच्या वाट्याला आता हे येत नाही. एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरने अनेक आभासी यंत्रे उभी करता येऊ लागल्यापासून ती सकाळी तयार होतात आणि संध्याकाळी पुसली जातात. बैलांना सर्जा-राजा म्हणून हाक मारतात, ट्रकभर कोंबड्यांना कोणी नाव ठेवत नाही. इमारत, काम आणि अनुक्रमांक जोडून आपोआप तयार होणारे नाव अशा वेळी रास्त आहे, जरी ते तोंडाने उच्चारता येत नसले तरी. जुन्या नावांपैकी काही मात्र उपनावे म्हणून डोमेन व्यवस्थेच्या नोंदीत टिकून राहतात आणि ती काढण्यास कोणी धजत नाही, कारण कोणत्या महाविद्यालयातील कोणत्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तोच पत्ता लिहून ठेवलेला असेल, हे नोंद पुसून पाहिल्याशिवाय समजत नाही.