विंचवाचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आपल्याकडे आहे. आणि ती ज्याला लावावयाची त्याची थोडीशी कींव करूनच लावतात. ज्याला हक्काचें छप्पर नाहीं, ज्याची भांडींकुंडीं सदा बोचक्यांत, त्याचें तें बिऱ्हाड! परंतु अमेरिकेंत उत्तम ऐसपैस घर असलेले गृहस्थही पदरचे पैसे खर्चून असें बिऱ्हाड विकत घेतात, आणि तें लहान पडूं लागलें म्हणजे मोठें मिळविण्यासाठीं बाजार पालथा घालतात. या फिरत्या घरास तिकडे मोटरहोम म्हणतात. गेल्या उन्हाळ्यांत असा एक बाजार पाहण्याचा योग आम्हांस आला. ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत अशा वाचकांस त्याची हकीकत मनोरंजक, व क्वचित् उपयुक्तही, वाटेल असें समजून ती येथें देत आहों.

आमचे चिरंजीव शिकागोच्या एका उपनगरांत राहतात. त्यांच्याजवळ २४ फूट लांबीचें एक मोटरहोम होतें. चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें अशा चौघांस तें पुरे. परंतु आम्ही उभयतां तेथें गेलों म्हणजे सहा माणसें होतात, आणि मग निजावयाचा प्रश्न उभा राहतो. एक बिछाना चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यांत; तेथें शिडीनें चढावें लागतें. दुसरा जेवणाचें मेज मोडून करावयाचा. म्हणजे त्यावर निजणारा उठून अंथरूण आवरी, तोंवर कोणासही चहा मिळावयाचा नाहीं. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे शिडीस अनुकूल नाहींत. म्हणून चिरंजीवांनीं एके दिवशीं सांगितलें, "बाबा, पुढच्या उन्हाळ्यांत आपण सारे मिळून माँटानापर्यंत जाऊं. पण त्यासाठीं गाडी मोठी घेतली पाहिजे."

आम्हांस आनंद झाला, पण त्याहून अधिक संकोच वाटला. आम्ही तिकडे जाणार एक वर्षाआड, आणि तेंही चार-सहा महिने. एवढ्यासाठीं मुलानें कर्जाचा डोंगर डोक्यावर घ्यावा काय? आम्हीं तसें स्पष्ट बोलून दाखविलें. चिरंजीवांनीं वाद घातला नाहीं. "आधीं पाहून तर येऊं," एवढेंच म्हणाले, आणि एका शनिवारीं सर्वांस घेऊन एल्कहार्ट गांवीं निघाले.

एल्कहार्ट हें इंडियाना संस्थानांतील गांव शिकागोच्या पूर्वेस शंभराहून थोड्या अधिक मैलांवर आहे. वाटेंत घड्याळ एक तास पुढें करावें लागतें, कारण तेथें पूर्वेकडील वेळ चालते. एल्कहार्ट व सेंट जोसेफ या दोन नद्यांचा संगम गांवांतच आहे. संगमाजवळच्या बेटाचा आकार सांबराच्या हृदयासारखा, म्हणून गांवास हें नांव पडलें, अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडे पैठण म्हटलें कीं पैठणी आठवावी, तसें तिकडे एल्कहार्ट म्हटलें कीं फिरतें घर आठवतें. गांवांत व आसपासच्या टापूंत या घरांचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने दाटीनें वसले आहेत, आणि त्या देशांतील फिरत्या घरांचा फार मोठा वाटा याच मुलखांत तयार होतो.

या धंद्याचें एक संग्रहालयही तेथें आहे. मोटारीस जोडून ओढून न्यावयाची १९१३ सालची एक लांकडी खोली तेथें पाहावयास मिळते. हॉलिवुडमधील नटी मे वेस्ट हिच्यासाठीं १९३१ च्या शेव्हरोले गाडीवर उभारलेलें छोटेखानी घरही तेथेंच ठेवलें आहे. तीं जुनीं घरें पाहून आमच्या मनांत आलें कीं, प्रवासांत घर बरोबर असावें ही हौस नवी नव्हे. नवा आहे तो त्या घराचा विस्तार.

या प्रदेशांतील दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे आमिश लोक. हे पंथनिष्ठ ख्रिस्ती शेतकरी स्वतः मोटार बाळगीत नाहींत. घोड्याच्या काळ्या बग्गींतून फिरतात. तथापि त्यांच्यांतील पुष्कळ पुरुष याच कारखान्यांत सुतारकाम व जोडकाम करतात. ज्या घरांत आपण कधीं प्रवास करणार नाहीं त्या घराचीं कपाटें त्यांनीं घडवावीं, आणि सायंकाळीं घोडा जोडून आपल्या घरीं परतावें! रस्त्याच्या कडेनें जाणारी एक बग्गी नातवंडांनीं पाहिली, तेव्हां पुढें कितीतरी वेळ गाडींत दुसरा विषयच नव्हता.

आतां बाजाराकडे वळूं. मोटरहोमचे तीन वर्ग मानतात. 'बी' वर्ग म्हणजे व्हॅनच्या पोटांत बसविलेली खोली, दोघांच्या सोयीची. 'सी' वर्गांत ट्रकाचें तोंड तसेंच ठेवून मागें घर बांधलेलें असतें आणि चालकाच्या डोक्यावर माळा असतो. आमच्या चिरंजीवांची गाडी याच वर्गांतली. 'ए' वर्ग म्हणजे उघड्या सांगाड्यावर आरंभापासून घरच उभारलेलें. बाहेरून पाहणाऱ्यास मोठी बसच वाटावी. वर्गांच्या नांवांवरून लहानमोठेपणाचा क्रम लावूं जाल तर फसाल. कारण 'बी' सर्वांत धाकटा आहे.

जागा वाढविण्याची खरी युक्ति मात्र लांबींत नाहीं. ती सरकत्या खोलींत आहे. तिला तिकडे स्लाइड-आउट म्हणतात. गाडी मुक्कामास उभी राहिली कीं कळ दाबावी आणि भिंतीचा एक भाग, त्यावरील कोच किंवा पलंग यांसह, पेटीच्या खणाप्रमाणें दोन-तीन फूट बाहेर यावा! १९९० च्या सुमारास एल्कहार्टजवळच्याच नॅपानी गांवच्या एका कारखान्यानें ही सोय रूढ केली, आणि तेव्हांपासून चिंचोळ्या बोळाची खोली होऊं लागली. विक्रेते गाडी दाखवितात ती हे खण बाहेर काढूनच. आमच्या नातवानें मात्र सहज विचारलें, "आणि बंद केल्यावर शौचकूपाला कुठून जायचें?" प्रश्न बारा वर्षांच्या मुलाचा, पण मार्मिक होता. खण आंत घेववून पाहिलें, तों शौचकूपाचें दार पलंगानें पुरतें अडलेलें! चालत्या प्रवासांत ज्या घराचा निम्मा भाग बंद होतो, त्याची ऐसपैसता मुक्कामापुरतीच समजावी.

सौभाग्यवतींची परीक्षा निराळीच होती. त्यांनीं घरून पोळपाट आणि लहान कुकर बरोबर आणला होता. विक्रेता गुळगुळीत ओट्याची वाखाणणी करीत असतां त्यांनीं त्यावर पोळपाट ठेवून पाहिला, आणि चुलीवर कुकर ठेवून त्याची शिटी वरच्या कपाटास लागते काय तें पाहिलें. दोन गाड्यांत ती लागली. धूर ओढून नेणारा पंखा बाहेर उघडतो कीं हवा आंतल्या आंत फिरवितो, हेंही त्यांनीं विचारलें. कारण फोडणीचा खाट रात्रभर अंथरुणांत राहिला तर प्रवासाचें सुख तें काय! स्वयंपाकापासून चार हातांवर शौचकूप ही कल्पना त्यांस प्रथम मुळींच रुचली नव्हती. परंतु मैल्याची टाकी व मोरीच्या पाण्याची टाकी वेगवेगळ्या असून नेमून दिलेल्या ठिकाणींच त्या रित्या करतात, हें समजल्यावर त्यांनीं एवढेंच बजावलें कीं, दोहोंमध्यें एक पक्कें दार हवें.

यापुढची गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. ३२ फूट लांबीचें, आठ माणसें निजतील असें एक नवें 'सी' वर्गाचें घर सर्वांच्याच मनांत भरलें होतें. दाराजवळ एक चिठ्ठी डकविलेली होती. माणसें आणि सामान मिळून किती वजन चालेल, हें अशा चिठ्ठीवर लिहिणें तिकडे कायद्यानें आवश्यक आहे. आंकडा होता १२५० पौंडांचा. सवयीप्रमाणें आम्हीं वहींत त्रैराशिक मांडलें. सहा माणसांचें वजन ७६० पौंड. पाण्याची टाकी ५० गॅलनांची, गॅलनास ८.३ पौंड धरून ४१५. बेरीज ११७५. उरले ७५ पौंड, म्हणजे सुमारें ३४ किलो. त्यांत सहाजणांचे कपडे, अंथरुणें, भांडीं आणि शिधा! बिछाने आठ, आणि वजन पेलावयाचें जेमतेम सहांचें. या वर्गाच्या बहुतेक घरांस फोर्डचा ई-४५० नांवाचा सांगाडा असतो. त्याची एकूण मर्यादा १४,५०० पौंडांची. घर जितकें लांब व सजलेलें, तितकी तींतली शिल्लक कमी. विक्रेत्यानें वही पाहून "असा हिशेब कोणी करीत नाहीं" असें हंसून सांगितलें. चिरंजीवांनीं मात्र ती वही खिशांत घातली.

पुढें वापरलेल्या गाड्यांकडे मोर्चा वळला. तेथें पाहावयाचें तें असें: टायरावरील आंकड्यांतले शेवटचे चार, टायर कोणत्या आठवड्यांत व कोणत्या सालीं घडला तें सांगतात, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी झिजलेली नसली तरी जुनें रबर आंतून जीर्ण होतें. छताचे सांधे शिडी लावून पाहावे. भिंतीवर हात फिरवून कोठें फुगवटा लागतो काय पाहावें. कपाटांत नाक घालून ओलीचा वास घ्यावा. घर चाकांवर असलें तरी त्याचा मुख्य शत्रु आपल्या कोंकणांतल्या घराचाच, तो म्हणजे गळकें छप्पर.

मोठें घर घेतलें म्हणजे मोठी वाट लागते, हेंही विसरून चालत नाहीं. ज्या माँटानांत जावयाचें तेथील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांत डोंगर ओलांडणाऱ्या प्रसिद्ध रस्त्याच्या मुख्य भागावर २१ फुटांहून लांब वाहनास मज्जाव आहे. म्हणून पुष्कळ लोक मोठ्या घरामागें एक छोटी मोटार बांधून नेतात. गाडीमागून वासरूं चालावें तशी ती दिसते. शिवाय एवढें धूड गॅलनाला सात ते नऊ मैलच चालतें.

शेवटीं ३४ फूट लांबीचें, पांच वर्षें वापरलेलें 'ए' वर्गाचें एक घर मनास आलें. त्यास दोन सरकत्या खोल्या, मागें जमिनीलगतचा पलंग, नातवंडांस एकावर एक दोन फळ्या, आणि चिठ्ठीवर सुमारें ३००० पौंडांची मुभा. कुकरही बसला. तेव्हां आम्हीं पुनः मूळ प्रश्न काढला: हें सर्व आमच्यासाठीं कशाला? त्यावर चिरंजीव बोलण्यापूर्वींच सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही नसतां त्या वर्षीं माझे आईबाबा येतात. गेल्या खेपेला माझ्या आईला चार रात्री त्या मेजावर झोपावें लागलें. ती कुणाला बोलली नाहीं."

यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. ज्यास आम्ही आमच्यावरचा खर्च समजत होतों, तो दोन्ही घरच्या वडीलमाणसांसाठीं होता. आम्हीं एकच अट घातली. अशा गाड्यांवर तिकडे पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचेंही कर्ज मिळतें, आणि मासिक हप्ता लहान दिसतो म्हणून लोक तें घेतात. कर्ज गाडीहून दीर्घायुषी नसावें, असें आम्हीं सांगितलें. जुनी गाडी मोबदल्यांत देऊन सात वर्षांची मुदत ठरली.

महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें आहे. तेव्हां हीं घरें आपल्या घाटांतूनही अधिकाधिक दिसूं लागतील. 'गृह' शब्दाची व्युत्पत्ति 'ग्रह्' धातूपासून सांगतात. ग्रहण करतें, सांठवून धरतें, तें गृह. घर चुन्याविटांचें असो वा चाकांवरचें, घेतांना फूट मोजावेच. परंतु तें किती माणसें धरूं शकतें, आणि त्यांतल्या कोणाची झोंप मेजावर होते, हें आधीं विचारावें. इत्यलम्.