भाडेकरारावर माझीही सही होती

नवऱ्याची मारहाण असह्य झाली आणि मी तारनाक्याचं भाड्याचं घर सोडलं. ११ महिन्यांच्या कराराचे पाच महिने बाकी होते, सही दोघांची. घर सोडलं म्हणून करार संपत नाही. घरमालक माझ्याकडेही भाडं मागू शकत होते. याच धास्तीने कितीतरी जणी थांबतात.

वकीलबाईंनी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा समजावला. भाड्याचं घरही त्यात येतं, करार दोघांच्या नावावर असो वा एकाच्या. कलम १९ नुसार मॅजिस्ट्रेट नवऱ्याला भाडं भरायला किंवा तशाच दुसऱ्या घराची सोय करायला सांगू शकतात. मी तसा अर्ज केला. घरमालकांना लेखी कळवून पोच घेतली.

मैत्रिणींनो, भाड्याच्या भीतीने मार खात राहू नका. निघताना जमलं तर कराराची प्रत आणि डिपॉझिटची पावती तेवढी घ्या. महिला हेल्पलाइन : १८१.