गोळी पोटात गेली, पण रक्तात गेली का?

भातलावणी सुरू झाली की मालवणात मला हमखास विचारतात, “डॉक्टरांनू, लेप्टोची गोळी दुधावांगडा घेतली तर चलात मा?” मी सांगतो, भरपूर पाण्याबरोबर घ्या. लेप्टोचा जंतू चिखलातून पायाच्या जखमेवाटे सहज आत शिरतो. डॉक्सिसायक्लिनला मात्र आतड्याचं अस्तर ओलांडूनच रक्तात जावं लागतं. दुधातलं कॅल्शियम, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध तिला बांधून ठेवतात. मग औषधाचा काही भाग शौचावाटे वाया जातो. म्हणून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होऊ शकते. आणि ताप आलाच, तर गोळीच्या भरवशावर घरी थांबू नका. त्याच दिवशी तपासून घ्या.