चहा केला कुणी?

छोट्या आनंदांवर लिहिलेलं काहीही उघडलं, की त्यात एक ठरलेली यादी सापडते. पहिला पाऊस, आल्याचा चहा, खिडकीशी ओढलेली खुर्ची, हातात जुनं पुस्तक, आतून येणारा फोडणीचा वास. यादीत खोटं काहीच नाही. पण ती वाचताना एक प्रश्न हटकून पडायला हवा आणि तो सहसा पडत नाही: हा चहा केला कुणी? फोडणी दिली ती बाई खिडकीशी का बसलेली नाही? पुस्तक आलं कुठून, आणि ते वाचायला जो पाऊण तास मिळाला तो घरातल्या कुणाच्या वाट्यातून निघाला? माझं म्हणणं असं, की छोटं सुख फुकट मिळतं हा समजच त्या सुखाच्या मुळावर आला आहे. ते छोटं असतं, पण फुकट नसतं. त्याच्यामागे कुणीतरी करून ठेवलेली सोय असते, राखून ठेवलेला वेळ असतो. ती सोय नजरेआड गेली, की त्या सुखाबद्दल एकतर गोड गोड लिहिलं जातं, नाहीतर नाक मुरडलं जातं.

हे पडताळून पाहायला केडगावसारखी जागा बरी. नगर-पुणे रस्त्यावर, नगर शहराच्या पुण्याकडच्या टोकाला असलेलं हे एके काळचं गाव, आता महापालिकेच्या हद्दीतलं उपनगर. बाहेरच्या माणसाला नाव ठाऊक असतं ते रेणुकामातेच्या देवळामुळे, नाहीतर बायपासमुळे. शेजारी नेप्तीला कांद्याचा बाजार, पुढे पुण्याच्या वाटेवर सुप्याची एमआयडीसी. घरात कोण कधी जेवणार हे पाळीवर ठरतं, कपडे कधी धुवायचे हे नळाच्या पाण्यावर. कालपर्यंत ज्वारी होती तिथे आज प्लॉटचे दगड दिसतात. पर्यटनाच्या पुस्तिकेत अशा ठिकाणाला जागा नसते, आणि छोट्या सुखांची परीक्षा खरं तर अशाच ठिकाणी घ्यायला हवी. कोकणातल्या अंगणात किंवा महाबळेश्वरच्या गॅलरीत ती परीक्षा न देताच पास होतात.

नगरकडे या बाबतीत एक विलक्षण पुरावा आहे, आणि तो तुरुंगातला आहे. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीला इंग्रजांनी इथल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, हे शहर अभिमानाने सांगतं. किल्ल्याच्या आवारात ते बागेसाठी माती खणत, आणि खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत, हे मात्र कमी सांगितलं जातं. त्याहून कमी बोललं जातं ते मौलाना आझादांच्या पुस्तकाबद्दल. ‘गुबार-ए-खातिर’ हा पत्रांचा संग्रह. पत्रं हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून लिहिलेली, पण तुरुंगातून धाडता न येणारी. ती 1946 मध्ये छापून आली. काँग्रेसचा अध्यक्ष, देश पेटलेला, आणि हा माणूस चहाबद्दल लिहितो. पहाट व्हायच्याही आधी उठायचं, स्वतःच्या हाताने चिनी पांढरा जास्मिन चहा करायचा, एकेक घोट लांबवत घ्यायचा. दूध-साखर ओतून उकळलेल्या आपल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नाहीत. (नगरच्या कुठल्याही टपरीवर हे मत मांडून पाहावं.)

दुसरा विषय चिमण्यांचा. जुन्या खोलीच्या छतात त्यांनी घरटी केली आणि काड्या-कचरा सगळा मौलानांच्या अंगावर. आधी रीतसर युद्ध झालं. चिमण्या हटेनात, तेव्हा तह झाला. मग तांदळाचे दाणे टाकणं, रोज थोडे जवळ टाकणं, न हलता बसणं, आणि शेवटी दाणा टिपायला चिमणी थेट हातावर येणं. एकीचं नाव मोती, एकाचं कलंदर, एकाचं मुल्ला. ज्याचा जसा स्वभाव तसं नाव. ज्याला चिमण्यांचे स्वभाव वेगळे दिसू लागतात, त्याने त्यांच्याकडे किती वेळ पाहिलं असेल ते सांगायला नको. ते सुख पाहण्याच्या चिकाटीतून तयार झालं होतं. चिमण्या काय, छतात आधीपासून होत्याच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: बाहेर माणसं गोळ्या खात होती आणि आत चहाचं कौतुक चाललं होतं, ही पळवाटच. पण पळून जाणारा माणूस तुरुंगात सापडत नाही. जे केलं म्हणून ते आत होते, ते त्यांनी सोडलेलं नव्हतं. याच काळात, एप्रिल 1943 मध्ये, आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटच्या आजारातही भेट झाली नाही, आणि भेटीसाठी सरकारकडे शब्द टाकायलाही ते तयार नव्हते. त्याच पुस्तकात हे दुःखही आहे, चिमण्याही आहेत. चहामुळे स्वातंत्र्य जवळ आलं असं कुणी म्हणणार नाही. पण चहामुळे माणूस लढ्यातून विरघळला असंही दिसत नाही, आणि माझ्या म्हणण्याला एवढं पुरतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड, आणि मला तो अर्धा मान्य आहे. हे कैदी साधे कैदी नव्हते. त्यांना पुस्तकं मिळत होती, कागद मिळत होता, स्वयंपाक दुसरं कुणी करत होतं. वेळ तर सरकारनेच सक्तीने दिला होता. येरवड्याच्या बराकीत दाटीवाटीने कोंबलेल्या सत्याग्रहीला जास्मिन कुठला? बरोबर आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? छोटी सुखं हे सुखवस्तूंचं खूळ आहे, असा काढता येतो. मला दुसरा योग्य वाटतो: दाणे, कागद आणि मोकळा वेळ एवढं मिळालं तर तुरुंगातसुद्धा माणूस सुख उभं करतो, म्हणजे ज्याला हे मिळत नाही त्याच्याकडून काहीतरी हिरावलं जातं आहे. गरिबाला ‘समाधानी राहा’ सांगणं हा निर्लज्जपणा आहेच. त्याच्या समाधानाला लागणारी सोय कुणी अडवून धरली, हे विचारणं ही वेगळी गोष्ट. पहिलं वाक्य गरिबाला ऐकवायचं असतं, दुसरं नगरपालिकेला, कारखान्याला, आणि कधी कधी घरातल्या कर्त्या पुरुषाला.

घरातली बाजू पाहायची तर किल्ल्यातून बाहेर यावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचा बराचसा संसार नगर आणि राहुरीत झाला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुढे भागाभागाने पुस्तकरूपाने आली, आणि मराठीत घरगुती विनोदाचं त्याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक फुलामुलांचे कवी. हातात आलेला पैसा घरी पोचेल याचा भरवसा नसे, वाटेत कुणी गरजू भेटला की तो त्याचा. कवीला फूल दिसतं, त्याच वेळी घरातल्या बाईला डब्याचा तळ दिसतो, आणि चूल दोघांसाठी तिलाच पेटवायची असते. लक्ष्मीबाईंचं मोठेपण असं, की त्यांनी या विसंगतीचं रडगाणं केलं नाही आणि तिला झाकूनही ठेवलं नाही. फजिती सांगताना त्या स्वतःलाही सोडत नाहीत. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, तेही नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, तुटक तुटक. संसाराची जी चित्रं आज आपण आरामात मांडीवर पुस्तक ठेवून वाचतो, ती लिहिणारीला अक्षरंच इतक्या उशिरा मिळाली. घर हे सुखाचं ठिकाण आहे असं सरसकट म्हणणाऱ्याने हे पुस्तक एकदा त्या नजरेने वाचावं. घरात सुख आहे, भरपूर आहे. फक्त त्याचा खर्च एकाच खात्यावर पडत आला आहे.

हाच हिशेब शेतातही लावून पाहता येतो. नगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेतला, रब्बी ज्वारीचा. दाणा दुधातून चिकात आला की काही दिवसच हुरडा होतो. आधी तोडला तर नुसतं पाणी, उशीर झाला तर दाणा कडक. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, निखाऱ्यात खुपसलेली कणसं, देठाला धरून ती फिरवत राहायची. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, एक फुंकर मारायची. कोंडा उडतो, हिरवट कोवळे दाणे उरतात. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, कुठे दही. आणि आगटीशी नीट पाहिलं तर दिसेल, की चोळणाऱ्याचे हात काळे होतात, पोळतात, आणि खाणारे दुसरे असतात. जुन्या रीतीत हे अंगवळणी पडलेलं होतं: पाहुणा खातो, घरधनी चोळतो, गडी कणसं मोडून आणतो. पोत्यात जाणारं धान्य कोवळं असतानाच पाहुण्यांच्या पोटात गेलं, याचा हिशेब कुणी मांडत नसे.

आता डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेला हुरडा पार्टीचे फलक लागतात, माणशी दर लिहिलेले. यावर हळहळणारे पुष्कळ: पूर्वी हे प्रेमाने होतं, आता तिकीट लागलं, गंमत गेली. मला ही हळहळ पटत नाही. पूर्वीही किंमत होती, ती यजमान भरत होता. फलकाने ती उघड्यावर आणली, आणि ज्वारीला बाजारात जो भाव मिळतो त्यापेक्षा चार पैसे जास्त शेतकऱ्याच्या हातात पडले तर दाण्याची चव त्याने बिघडत नाही. बिघडत असेल तर ती डीजेने. आगटीशी बसून बोलायला लागणारी शांतताही त्या सोयीतच धरलेली असते, हे पार्टीवाल्यांच्या लक्षात येईल तेव्हा येईल.

पुस्तकांच्या बाबतीत तर या शहराला ही गोष्ट फार लवकर कळली होती. अहमदनगर जिल्हा वाचनालय 1838 चं, महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या वाचनालयांपैकी एक. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये याच गावात निघालं. वाचणं हे सुख एकट्याने घ्यायचं असलं, तरी त्याची तजवीज चारचौघांनी मिळून करावी लागते, हे वाचनालय काढणारा प्रत्येक माणूस जाणतो. 1967 साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अ-ब-क-ड असे वर्ग ठरले, अनुदानं सुरू झाली. ग्रंथालय कर मात्र लावला नाही. त्यामुळे वाचनालयं अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, आणि ग्रंथपाल जे मानधन घेतो ते सांगायला तोच लाजतो.

‘आता हे सगळं मोबाइलवर आहे’ असं म्हणणारे भेटतातच. मजकूर आहे, हे खरं. दीड खोलीचं घर, टीव्ही चालू, एका पाळीवरून आलेला झोपलेला, दुसरा निघायच्या तयारीत, पोरांचा अभ्यास त्याच चटईवर: अशा घरात मोबाइल मजकूर देतो, पण बसायला जागा आणि घटकाभर शांतता देत नाही. उलट असलेली घटकाही घेऊन जातो, कारण पुस्तकाला शेवटचं पान असतं आणि त्याला ते नाही. वाचनालय पुस्तकाबरोबर खुर्ची देतं, उजेड देतं, आणि शेजारी बसलेला माणूस बोलणार नाही याची हमी देतं. म्हणून तर अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरून जातात. त्यांतली बहुतेक आनंदासाठी वाचत नाहीत, पण घरात जे मिळत नाही ते शोधत आलेली असतात.

अनेक वाचनालयांचं वेळापत्रक पाहा: सकाळी उघडायचं, दुपारी बंद, पुन्हा संध्याकाळी उघडायचं. सकाळ-संध्याकाळ म्हणजे बरोबर त्या वेळा, जेव्हा केडगावातली बाई डबे भरत असते किंवा भाकरी थापत असते. धुणं-भांडी आटोपून तिला जो दीड-दोन तासांचा मोकळा वेळ मिळतो तो दुपारी, आणि दुपारी दाराला कुलूप. नवरात्रात पहाटेच्या अंधारात देवीला पायी निघणाऱ्या बायका पाहिल्या, की त्यांना घराबाहेर पडायला सवड किंवा हौस नसते हे खोटं ठरतं. जिथे जायला मुभा आहे तिथे त्या जातात. उपनगरात एक खोली, दुपारी एक ते चार उघडी, दोन पंखे, मासिकं, चांगल्या कादंबऱ्या, लहान मूल बरोबर आणलं तर त्याला बसायला कोपरा, आणि ती उघडून बसणाऱ्याला जगण्यापुरता पगार. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. स्वागतकमानींचा खर्च तिथे भिंगाशिवाय दिसतो.