कुपनावरची ओळ

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टात गेले होते. माझे एक संपादक अजूनही लेख कागदावरच वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. त्यांच्यासाठी मी दर वर्षी दिवाळी अंकाच्या लेखाची छापील प्रत रजिस्टरनं पाठवत आले. खिडकीमागची मुलगी म्हणाली, "मॅडम, रजिस्टर बंद झालं. एक तारखेपासून सगळं स्पीड पोस्टच." मी बरं म्हटलं, पाकीट काट्यावर ठेवलं, पैसे दिले. पाकीट उलट लवकरच पोचणार होतं. पण शेजारच्या कट्ट्यावर डिंकाची वाटी होती, तिच्यात कडक होऊन उभा राहिलेला ब्रश. तो आंबूस, ओल्या कागदाचा वास नाकात शिरला आणि मला तिथून लगेच निघता येईना.

मी कधी नोकरी केली नाही. मासिकं, साप्ताहिकं, रविवारच्या पुरवण्या आणि दिवाळी अंक यांत लिहिलं आणि त्यावर घर चालवलं. फुलस्केप कागद, एका बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा, आत पुरेसं तिकीट लावलेलं स्वतःच्या पत्त्याचं पाकीट घालायचं. लेख पसंत नसला तर त्याच पाकिटातून 'साभार परत' यायचा. पसंत असला तर पत्र. आणि छापून आला की, सगळं नीट पार पडलं की, मनीऑर्डर.

पहिली मनीऑर्डर 1986 सालची, चाळीस रुपयांची. कणकवलीपासून आत आमचं गाव. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला, पण त्याआधी आणि नंतरही आमच्याकडची चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटायची. घरटी एक माणूस लालबाग-परळच्या गिरणीत. पोस्टमन पायवाटेनं येताना दिसला की बाया पायरीवर येऊन उभ्या राहत. आमचे वडील लवकर गेले. त्यामुळे आमच्या घरची मनीऑर्डर आबाकाकाची. तो साचेखात्यात होता, दोन साचे चालवायचा.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरही झालं नाही. आबाकाका काही महिने मुंबईत थांबला, मग ट्रंक घेऊन गावी आला आणि ओटीवर बसू लागला. पोस्टमन आमच्या घरावरून पुढे जाऊ लागला. त्याला आमच्याकडे बघवत नसे, हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हणून त्या दिवशी तो आमच्या खळ्यात वळला, तेव्हा आई पदर सावरत बाहेर आली. "मनीऑर्डर इली गो!" तो म्हणाला, आणि माझं नाव घेतलं. आईला वाटलं, त्याची चूक होतेय. त्यानं दहादहाच्या चार नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या, फॉर्मवर सही घेतली आणि खालचं कुपन फाडून दिलं. आई एवढंच म्हणाली, "आधी देवाकडे ठेव." मुंबईची मनीऑर्डरसुद्धा आधी तिथेच जायची.

कुपन आबाकाकानं मागून घेतलं. संपादकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: लेख छापला आहे, सांगताना घाई करू नका, पुढचा कधी पाठवता? काकानं ते सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं. मग विचारलं, "कितकी पानां होती?" मी म्हटलं, चार. "म्हणजे पानाक धा रुपये." थोडं थांबून, "पसंत नाय पडला तर कापतत?"

घरात दुसऱ्या कुणालाही हा हिशेब सुचला नसता. काका विणकर होता. त्याची मजुरी नगावर, जितकं कापड निघेल तितकी. कापड कसं मोजलं जातं, कोण मोजतं, खोट कुणाच्या माथी मारली जाते, हे त्याला पाठ होतं. गावातल्या मास्तरांनी माझा लेख वाचून शैलीचं कौतुक केलं, ओळखीच्या एका वकिलांनी नाव होईल म्हणून सांगितलं. काकानं मात्र मी काम केलंय, असं धरूनच प्रश्न विचारले.

भारतात पोस्टानं मनीऑर्डरचं काम हाती घेतलं 1880 मध्ये. त्याआधी ते सरकारी खजिन्यांमार्फत चाले. हे मी फार नंतर वाचलं आणि लगेच तारखा शेजारी मांडून बघितल्या. हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' 1890 चं. काशीनाथ रघुनाथ आजगावकरांचं 'मासिक मनोरंजन' 1895 चं. आजगावकरांनी बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' हे आडनाव घेतलं आणि 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तिथपासून आमची ही परंपरा मोजतात. शंकरराव किर्लोस्करांचं मासिक 1920 पासून निघालं, ते पुण्यामुंबईहून नव्हे तर किर्लोस्करवाडीहून, म्हणजे कारखान्याभोवती वसलेल्या एका वस्तीतून. वर्गणी मनीऑर्डरनं किंवा व्ही.पी.नं यायची, अंक बुकपोस्टानं जायचा, लेखकाचं मानधन मनीऑर्डरनं. मराठी मासिकांचा इतिहास लिहिणारे संपादकांबद्दल आणि वादांबद्दल पुष्कळ लिहितात, आणि लिहायलाच हवं. पण सायकलवरून पाचपन्नास रुपये पोचवणाऱ्या माणसाचं नाव त्यात कुठे येत नाही. तो नसता तर कणकवलीच्या आतल्या मुलीला लेखिका होता आलं नसतं.

ज्या वर्षी काका गावी आला, त्याच वर्षी, 1982 च्या ऑगस्टमध्ये 'सत्यकथा' मासिक बंद झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण माझ्या मनात त्या एकाच कप्प्यात आहेत, कारण मी लिहू लागले तेव्हा मोठी माणसं सांगत होती की मासिकांचे दिवस संपले आणि गिरण्यांचेही. दोन्ही खरंच होतं. तरी साप्ताहिकं होती. अनिल अवचटांचं 'पूर्णिया' 1969 मध्ये पुस्तकरूपानं आलं होतं. एखाद्या जागी जाऊन, तिथल्या माणसांशी बोलून मराठीत लांबलचक, साधं लिहिता येतं, हे आमच्या पिढीला त्यानं दाखवलं. मीही तशीच निघाले. चिरेखाणी, ओस पडत चाललेली बंदरं, काजू सोलणाऱ्या बायांचे हात. एसटीचं भाडं माझं, जेवण जिच्याकडे जाईन तिचं.

वर्षाचा ताळेबंद असा जुळे: दिवाळी अंकांची पत्रं मे-जूनपासून येत, लेख ऑगस्टपर्यंत द्यायचे, मानधन संक्रांतीच्या आगेमागे. मधले महिने अनुवाद, प्रुफं, कुणाच्या तरी स्मरणिकेचं संपादन. आकाशवाणीचं भाषण मिळालं तर तो मोठाच दिलासा. एका गोष्टीसाठी मी आकाशवाणीची कायम ऋणी राहीन. त्यांचा करार आधी यायचा, त्यावर तारीख, वेळ आणि रक्कम टाइप केलेली असायची आणि खाली तुमची सही. तोंड उघडण्यापूर्वी आपल्या बोलण्याचे किती मिळणार, हे ठाऊक असणं हा फार मोठा सन्मान आहे. मासिकांच्या जगात हे विचारणं अनेकांना आजही असभ्य वाटतं.

एका संपादकांबद्दल माझ्या मनात राग आहे. तो जात नाही, आणि मीही त्याला घालवत नाही. त्यांचा दिवाळी अंक जाडजूड, अर्धा जाहिरातींनी भरलेला, प्रकाशनाला सभागृह, हारतुरे. त्यांनी मोठा वृत्तान्त मागितला. मी उन्हाळाभर फिरले, लिहिला. शीर्षकासह मुखपृष्ठावर आला. संक्रांत गेली, होळी गेली. फोन केला तेव्हा म्हणाले, "ताई, एवढ्या मोठ्या अंकात नाव आलं तुमचं." कागदवाल्याचे पैसे गेले होते, छापखान्याचे गेले होते, अंक वाटणाऱ्या मुलांचेही गेले होते. पुढच्या जूनमध्ये त्यांचा पुन्हा फोन, नव्या विषयासह, तोच प्रसन्न आवाज. ते मनानं चांगले होते, असं मला सांगतात. असतील. त्या वर्षी मुलीच्या शाळेची फी मी बांगडी मोडून भरली.

तेव्हा कुणीतरी मला 1957 चा कॉपीराइट कायदा वाचायला दिला. तो मी नव्या लेखकांच्या हातात आवर्जून ठेवते. नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क मुळात त्याचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. लेख एका अंकात आला म्हणून तो कायमचा त्या अंकाचा होत नाही. माझे जुने लेख मी याच बळावर पुस्तकांत आणले, इतर भाषांत जाऊ दिले. एकाच लेखानं पुन्हा पुन्हा घर चालवणं हे या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य आहे, आणि ते मला कुठल्याही लेखनशिबिरात कुणी सांगितलं नाही.

चाळीस रुपयांकडे परत येते. काकानं त्या दिवशी शेवटचा एक प्रश्न विचारला होता. "फुडल्या म्हयन्यात काम गावतला मां?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका कायम होण्याआधी कित्येक वर्षं बदली कामगार होता. पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आतला कुणी गैरहजर असला तर बदल्याला आत घेत, नाहीतर परत खोलीवर. त्याला माझ्या कामाचं स्वरूप एका क्षणात कळलं होतं. तो खूश झाला होता आणि काळजीतही पडला होता, आणि दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर एकदम दिसत होतं. लेख परत आला की मला तो चेहरा आठवतो. बक्षीस मिळालं तेव्हाही तोच आठवला.

जुनी कागदी मनीऑर्डर 2015 मध्ये थांबली. जागी आली ती इलेक्ट्रॉनिक, तिच्यात संदेश लिहायचा नसतो, ठरावीक संदेशांच्या यादीतून निवडायचा असतो. आता तर मानधन थेट खात्यात येतं. फोन थरथरतो, रक्कम दिसते, कधी टीडीएस वजा होऊन. लवकर येतं, हे मी मनापासून मान्य करते. वीस रुपयांमागे रुपया पोस्टाला द्यायला लागत नाही. पण पैशांबरोबर शब्द येत नाही. माझ्या पहिल्या संपादकांनी कुपनाच्या त्या बोटभर जागेत मला जे शिकवलं, ते मी अजून वापरते: सांगताना घाई करू नका. पैसे देणारा माणूसच ते वाक्य लिहीत होता, म्हणून त्याला वजन होतं.

त्या जागेबद्दल आणखी एक. नव्वदच्या दशकात मी मुंबईत राहायला आले आणि एका साप्ताहिकासाठी जीपीओसमोरच्या पत्रलेखकांवर लिहिलं. गोलघुमटाच्या धर्तीची, 1913 मध्ये पूर्ण झालेली ती इमारत, आणि तिच्या समोर कबुतरखान्यापाशी टेबलं मांडून बसलेली माणसं. मनीऑर्डरचे फॉर्म भरायचे, पार्सलं शिवायची, पत्रं लिहायची. उत्तरेकडचे मजूर, कोकणातले गिरणीवाले, कामाठीपुऱ्यातल्या बाया, ज्यांना घरी फक्त 'मी बरी आहे' एवढंच कळवायचं असे. त्यातले एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, माणूस इथे उभा राहून खूप बोलतो, रडतोसुद्धा, आणि जागा असते एका ओळीची. ती ओळ आम्हाला शोधायला लागते. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

बऱ्याच वर्षांनी गावचं घर आवरताना आईचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात आबाकाकाची सगळी कुपनं, दोऱ्यात ओवलेली. मी ती एकामागून एक वाचली. मी खुशाल आहे. आईस औषध आणावे. छपराचे काम उन्हाळ्यात करून घ्यावे. मुलीस शाळेत घालावे, हयगय करू नये. ही मुलगी म्हणजे मी. आणि अक्षर काकाचं नव्हतं. काकाला वाचता येई, पण लिहायला हात वळत नसे. सहीसुद्धा तो कोरल्यासारखी करायचा. ही अक्षरं गोल, सराईत, एका रेषेत बसलेली. वर्षानुवर्षं तीच, फक्त शेवटची काही वेगळ्या हातातली. म्हणजे परळच्या कुठल्यातरी पोस्टाबाहेर बसणारा एक माणूस काकाचं सगळं ऐकून घेऊन आमच्यासाठी ओळ शोधत होता. मला शाळेत घालायला सांगणारं वाक्य त्यानं जुळवलं. त्याचं नाव काकाला ठाऊक असेल. काका गेला, आई गेली.

त्या ओळीचे त्याला किती मिळत असतील, हे मी अधूनमधून ठरवायचा प्रयत्न करते. चार आणे, कदाचित आठ आणे. मिळाले मात्र तिथल्या तिथे असणार, कारण आबाकाकानं आयुष्यात कुणाची मजुरी अंगावर ठेवली नाही.