मोडी वळणाचा चोर

आमच्या घोरावाडीच्या घरांत देवघराशेजारीं जुन्या मोडी कागदांची एक पेटी आहे. त्यांतील रेशमी रुमालांत बांधलेला कागद म्हणजे इनामाची सनद, या समजुतीनें आम्ही दर दसऱ्यास त्यावर गंधाक्षता वाहत असूं. घरांत पदवीधरांना तोटा नाहीं. पण मोडी कोणासच येईना. गेल्या वर्षीं एका जाणत्या गृहस्थांनीं तो वाचला. ती पणजोबांनीं लिहून दिलेल्या कर्जरोख्याची नक्कल निघाली! सारे हंसले, मी मात्र ओशाळलों.

रविवारीं लोकलनें भाचा आला. घातकी प्रोग्रॅम हुडकणें हा त्याचा व्यवसाय. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडेंही असेंच होतें."

संगणकाच्या पहारेकऱ्याजवळ चोरांच्या खुणांची वही असते. असा एक पहारेकरी, 'क्विक हील', काटकर बंधूंनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्यांतच घडविला. पण तीच चोरी गो, रस्ट किंवा निम अशा कमी रुळलेल्या भाषेंत पुन्हा लिहिली, कीं संगणकास समजणाऱ्या आज्ञांची ठेवणच पालटते. वहींतील खुणा जुळत नाहींत. शिवाय तपासणीचीं बरींचशीं साधनें 'सी' भाषेच्या वळणास सरावलेलीं. ब्लॅकबेरीच्या संशोधकांनीं २०२१ मध्यें हाच इशारा दिला होता. त्याआधीं २०१२ सालीं 'डुकू' नामक हेर-प्रोग्रॅमचा एक भाग कोणत्या भाषेंत आहे, हें कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांना उमगेना; त्यांनीं जगास विचारलें. ती निघाली जुनी 'सी'च, निराळ्या धाटणीनें लिहिलेली! मोडींतील मराठी तरी मराठीच ना?

"मग अनोळखी भाषा दिसली कीं दार लावावें," मीं म्हटलें.

"तसें केल्यास साव पकडले जातात, मामा. निममध्यें लिहिलेले निर्दोष प्रोग्रॅमही चोर ठरतात, ही त्या भाषेच्या लोकांची तक्रार आहे. भाषेपेक्षां वर्तन पाहावें : आंत येऊन तो कोणाच्या फायली उघडतो, कशास कुलूप घालतो, कोणास निरोप धाडतो. मात्र वर्तन पाहावयाचें तर त्यास उंबऱ्यापर्यंत येऊं द्यावें लागतें. धोका तेथेंच आहे."

तो गेल्यावर मीं पेटी उघडली. पणजोबांचें कर्ज फिटलें कीं नाहीं, तें उरलेल्या कागदांत कोठेंतरी असेल. साठी उलटल्यावर मीं मोडीची मुळाक्षरें गिरवावयास घेतलीं आहेत. तोंपर्यंत गंधाक्षता बंद.